सही तिचीच लागेल

कॉलेजात तिला सगळे कुलूपबाई म्हणत. तोंडावर नव्हे, पाठीमागे. पण पाठीमागे म्हणजे तिला ऐकू जाईल इतपतच मागे. एकदा शिपाई गडबडीत 'कुलूपबाई, चहा' म्हणून कप पुढे करून बसला आणि मग त्यानं जीभ चावली. तिनं एक घोट घेतला आणि साखर कमी आहे एवढंच सांगितलं. तिला राग आला की हसू आलं, हे त्या बिचाऱ्याला निवृत्त होईपर्यंत कळलं नाही. कुणालाच कळायचं नाही. बाई ताकास तूर लागू देणाऱ्यातली नव्हतीच.

विद्यार्थी विभागाला दोन खिडक्या होत्या. एकीमागे ती, दुसरीमागे नवी. नवीला येऊन बरीच वर्षं झाली होती, तिचं लग्न झालं, मूल झालं, कानामागचे केस पांढरे व्हायला लागले, पण तिच्यानंतर त्या विभागात कुणाला घेतलंच नाही, म्हणून ती आपली नवीच राहिली. खिडक्यांच्या काचा जाड, खाली कागद सरकवण्यापुरती फट, आणि बोलायची भोकं कुठल्या शहाण्यानं पाडली होती देव जाणे, इतकी खाली की बाहेरच्या माणसाला कमरेत वाकावं लागे. खुर्च्या गाजवणारे मोठमोठे लोक त्या काचेपुढे वाकून उभे राहात आणि आतून एकच वाक्य ऐकून परत जात. मुलगा असेल तर 'सही त्याचीच लागेल', मुलगी असेल तर 'सही तिचीच लागेल'.

नियम तसा साधा. विद्यार्थी अठरा वर्षांचा झाला की त्याचे गुण, त्याची हजेरी, त्याची फी, त्याचा पत्ता, तो कॉलेजच्या डॉक्टरकडे गेला की नाही, यातलं अवाक्षरही त्याच्या लेखी परवानगीशिवाय कुणाला सांगायचं नाही. कुणाला म्हणजे आईबापांनासुद्धा नाही. परिपत्रक आलं तेव्हा सगळ्यांनी ते वाचलं, माना डोलावल्या आणि खणात ठेवून दिलं. तिनं मात्र ते काचेवर आतून चिकटवलं, अक्षरं स्वतःकडे करून. बाहेरच्यांनी वाचावं म्हणून नव्हे, आपण विसरू नये म्हणून.

त्यालाही कारण होतं. त्या खुर्चीवर तिच्याआधी एक गोड स्वभावाचे गृहस्थ बसत. कुणालाही नाही म्हणायचं त्यांच्या जिवावर यायचं. एके दुपारी एक माणूस छत्री घेऊन आला. बायको घरी विसरून गेली, आभाळ भरलंय, कुठल्या वर्गात असेल, असं अदबीनं विचारू लागला. गृहस्थांनी वर्ग सांगितला, तास कधी सुटतो तेही सांगितलं, वर जिना कुठे आहे ते बोटानं दाखवलं. बायको त्याचं घर सोडून आलेली होती आणि लपूनछपून शिकत होती, हे त्यांना काय माहीत. तास सुटला तेव्हा तो त्याच छत्रीनं तिच्यावर तुटून पडला. कुलूपबाई तेव्हा तिथे हाताखाली काम करायची. आरडाओरडा ऐकून धावली, तोवर जिन्यावर एक फुटका चष्मा तेवढा राहिला होता. ती मुलगी पुन्हा कॉलेजात आली नाही. गृहस्थ लहान मुलासारखे रडले आणि बदली मागून गेले. खुर्ची रिकामी झाली, बसायला कुणी तयार होईना, तेव्हा ही बसली. आणि बसली ती बसलीच.

मग तिनं जे सत्र आरंभलं त्यानं भल्याभल्यांच्या नाकीनऊ आले. नोटीस बोर्डावर नावानिशी लागलेले निकाल तिनं स्वतःच्या हातानं टाचण्या उपटून काढले. एक प्राध्यापक तपासलेल्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा दाराबाहेरच्या स्टुलावर ठेवून द्यायचे, ज्यानं त्यानं आपापली शोधून घ्यावी आणि जाता जाता शेजाऱ्याचीही बघावी. तिनं अख्खा गठ्ठा उचलून आपल्या कपाटात घातला. प्राध्यापक लालबुंद होऊन खिडकीशी आले, वाकले, आणि तिनं त्यांच्याकडे ओळखपत्र मागितलं. फोनवर तर रोजची नाटकं. कुणी काका व्हायचं, कुणी मोठा साहेब, कुणी होणारा सासरा. एक आई काचेवर हात आपटून म्हणाली, नऊ महिने पोटात वाढवलाय मी त्याला. त्यावर कुलूपबाईनं शांतपणे सांगितलं की त्याची नोंद आमच्याकडे नाही.

यावर नवी आठवडाभर हसत होती. कुलूपबाई हसली नाही. तिला त्या आईची दया आली नाही असं नव्हे. सुरुवातीला अशी माणसं परत जाताना तिची नजर फाटकापर्यंत त्यांच्यामागे जायची. मग हळूहळू जायची थांबली. ती त्याला सवय म्हणे. कामाला बरं पडायचं.

तिचा नवरा चष्मेवाला. बाजारातल्या अरुंद दुकानात दिवसभर काचा घासायचा आणि संध्याकाळी घरी येऊन स्वतःचा चष्मा शोधायचा. भिडस्त माणूस, बायकोला जरा वचकूनच. त्यांना एकच लेक, तीही उशिरा झालेली. लेकीला त्याच कॉलेजात प्रवेश मिळाला तेव्हा तो शेजारीपाजारी सांगत सुटला. कुलूपबाई दुसऱ्या दिवशी सरळ रजिस्ट्रारांकडे गेली. आपल्या माणसाची माहिती आपण हाताळायची नाही असा नियमच होता, पण तो कुणी पाळत नसे. परीक्षा विभागातला एक कारकून तर पुतण्याचे गुण घरी फोन करून कळवायचा. हिनं लेकीचं सगळं नवीच्या हवाली केलं आणि बजावलं की मला त्यातलं काही सांगायचं नाही. बरं नाही, वाईट नाही, काहीच नाही. नवीनं कानाला हात लावले.

एवढ्यावर थांबली असती तरी ठीक होतं. पण बाईनं नियम घरी आणला. जेवताना नवरा सहज म्हणून लेकीला विचारायचा की काय गं, कसं चाललंय. ती लगेच त्याला अडवायची. विचारू नका तिला, सांगायचं असेल तर सांगेल. लहानपणी तिचे वडील तिचे गुण आल्यागेल्या पाहुण्यांसमोर मोठ्यानं वाचून दाखवत आणि ती आतल्या खोलीत उशीत तोंड खुपसून बसे. आपल्या लेकीवर ती वेळ येऊ द्यायची नाही, हे तिनं मनाशी पक्कं धरलं होतं. तिच्या लेखी ते प्रेमच होतं. लेकीच्या लेखी ते काय होतं, हे विचारायचं राहून गेलं.

लेक ठीक म्हणायची. बापाच्या प्रश्नाला ठीक, जेवणाला ठीक, झोपेला ठीक. सकाळी आई आणि लेक बरोबर निघत, कॉलेजच्या फाटकापर्यंत बरोबर चालत, मग आई डावीकडे ऑफिसात आणि लेक उजवीकडे प्रयोगशाळेच्या इमारतीकडे. आईनं मागे वळून पाहिलं नाही कधी. त्यालाही ती विश्वास म्हणायची.

एका दुपारी खिडकीवर रांग होती आणि रांगेत लेक उभी होती. नवीच्या नव्हे, आईच्या रांगेत. हातात घडी घातलेला कागद. कुलूपबाईनं तिला पाहिलं. लेकीनंही पाहिलं, आणि ती नजर काढून घेईना. पुढे एकच मुलगा होता. त्याचं काम संपवून कुलूपबाई उठली, हिला तू घे एवढंच नवीला म्हणाली आणि आपला कप घेऊन मागच्या मोरीवर गेली. धुतलेलाच कप तिनं पुन्हा धुतला. साबण लावून, आतून, बाहेरून, दांड्याच्या फटीतूनसुद्धा. ग्रंथालयाचं कार्ड असेल, नाहीतर दाखला हवा असेल, असं तिला वाटलं. त्याहून जास्त तिला स्वतःचं कौतुक वाटलं. कुणी पाहात नसताना नियम पाळायला धमक लागते. ती परत आली तेव्हा लेक गेली होती आणि नवी मान खाली घालून काहीतरी लिहीत होती.

त्यानंतर नवी बदलली. डबा एकत्र खायची, ती पोट बिघडलंय म्हणून एकटी खाऊ लागली. कधी कधी तोंड उघडायची आणि मिटायची. रजिस्ट्रार वाटेत भेटले की उगाच तब्येत विचारू लागले. कुलूपबाईला वाटलं, वय झालं आपलं, लोक मान देताहेत. सगळ्या ऑफिसानं मूग गिळले होते आणि ते गिळायला शिकवलं होतं हिनंच.

मग एक दिवस रांगेत नवरा दिसला.

दुकान उघडं टाकून आला होता. हातात चष्मा पुसायचं फडकं तसंच. त्याला रांगेत कुणी पुढे सोडलं तरी तो पुढे आला नाही, आपला नंबर येईपर्यंत थांबला. मग वाकला आणि भोकांतून बोलला. दुकानात एक बाई चष्म्याला आली होती, तिची मुलगी आपल्या लेकीच्या वर्गात, ती म्हणाली की तुमची मुलगी बरेच दिवस दिसली नाही, बरी आहे ना. त्यानं हो म्हणून वेळ मारून नेली होती. लेकीला विचारायची सोय नव्हती, घरी बायकोला विचारायची तर मुळीच नव्हती. कॉलेजचा प्रश्न कॉलेजात विचारला तर उत्तर मिळेल, अशी त्या भोळ्या माणसाची समजूत.

"आपली पोर कॉलेजात येते की नाही, तेवढंच सांग," तो म्हणाला. "बाकी मला काही नको."

ती त्याच्याकडे पाहात राहिली. रोज ज्याच्याबरोबर जेवते त्या माणसाचं तोंड काचेपलीकडून वेगळंच दिसत होतं. मागे रांग खोळंबली होती. आणि तिच्या तोंडून तिला थांबवताच आलं नाही असं ते वाक्य निघालं.

"सही तिचीच लागेल."

नवरा चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं. त्यानं मान हलवली, फडकं खिशात घातलं, बरं म्हणाला आणि मागच्या माणसाला जागा करून दिली. तेवढ्यात कुलूपबाईचं लक्ष शेजारी गेलं. नवी रडत होती. आवाज नव्हता, नुसतं पाणी गळत होतं. त्या रडण्यात सगळं उत्तर आलं. इतकी वर्षं बाईनं लोकांना तोंडाला कुलूप लावायला शिकवलं, चेहऱ्याला कसं लावायचं ते शिकवायचं राहिलं.

दोन्ही खिडक्या बंद झाल्यावर नवीनं आपला संगणक तिच्याकडे वळवला. पडद्यावर लेकीचं नाव होतं. कुलूपबाईनं डोळे बाजूला केले आणि हातानं चाचपत तो पुन्हा नवीकडे फिरवला.

"ताई, बघा ना," नवी म्हणाली. "मी कुणाला सांगणार नाही."

"नको," ती म्हणाली. "बंद कर."

तिला काही वाटत नव्हतं. हेच तिला विचित्र वाटलं. भीती नाही, राग नाही, रडू नाही. थंडीत बोटं बधिर झाल्यावर कप हातात आहे की नाही हे बघून खात्री करावी लागते, तसं ती स्वतःकडे बघत होती. कपाटाला किल्ली लावली, दोनदा ओढून पाहिलं, पंखा बंद केला आणि घरी गेली.

घरी तिघं जेवली. नवरा ताटाकडे बघत होता. लेक पाणी पीत होती. कुलूपबाईला विचारायचं होतं. साधा प्रश्न, लहान पोरही विचारील असा. पण तो कसा विचारतात हेच तिला आठवेना. जिथून प्रश्न निघतो ती जागाच तिनं लिंपून टाकली होती. भात वाढू का, एवढं तिनं विचारलं. लेक ठीक म्हणाली.

सकाळी दोघी नेहमीसारख्या निघाल्या. लेकीच्या खांद्याला तीच पिशवी, फुगलेली. तिच्यात पुस्तकं आहेत की आणखी काही, हेही आईला माहीत नव्हतं. फाटक आलं. आई डावीकडे वळली नाही. लेक थांबली.

"रोज कुठे जातेस तिथे ने मला," आई म्हणाली.

लेकीला धक्का बसला असं दिसलं नाही. ती नुसती चालू लागली आणि आई मागोमाग. फाटक मागे पडलं. शिपायानं हात केला, तो आईला दिसला नाही. चौक ओलांडून, टायरवाल्याच्या दुकानावरून दोघी सरकारी दवाखान्यात शिरल्या. बाहेरच्या रुग्णांसाठी मोठा हॉल होता, लोखंडी बाकांच्या रांगा, पुढे नंबर पुकारणारी परिचारिका. लेक शेवटून दुसऱ्या बाकावर, भिंतीकडेला बसली. बसण्यावरून कळत होतं की जागा ठरलेली आहे. तुला काय झालंय, असं आईच्या तोंडापर्यंत आलं. लेकीनं ते ओळखलं आणि मान हलवली.

आजारी नव्हती ती. किंवा असेल, तिलाही नीट माहीत नव्हतं. तिनं थोडक्यात सांगितलं, दुसऱ्या कुणाबद्दल सांगावं तसं. प्रयोगशाळेच्या दाराशी गेली की पाय पुढे जात नसत. परीक्षेला बसली, पेपर समोर आला, आणि वेळ संपेपर्यंत ती नुसती पेनाचं टोपण बघत राहिली. मग तिनं कॉलेजातून नाव काढून टाकलं. तेव्हापासून ती इथे येऊन बसते. ग्रंथालयात बसलं की कुणीतरी काय वाचतेस विचारतं, बागेत एकटी बसली की कुणीतरी शेजारी येतं. इथे कुणी काही विचारत नाही. सगळ्यांना वाटतं, ही कुणाची तरी वाट बघतेय.

पुढच्या बाकावर एक आजोबा बसल्या बसल्या झोपले होते. परिचारिकेनं नंबर पुकारला, कुणी उठलं नाही, तिनं पुढचा पुकारला. आई पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. तिला ऑफिसात काही कळवायचं सुचलं नव्हतं. तिची खिडकी आज बंद असणार आणि लोक नवीच्या रांगेत उभे राहून बोटं मोडत असणार.

"मला एकदा तरी सांगायचंस गं," आई शेवटी म्हणाली.

लेक तिच्याकडे वळली. तिच्या आवाजात राग नव्हता, तो केव्हाच वापरून संपला होता.

"सांगायलाच आले होते. तुझ्या खिडकीवर. नाव काढायचा कागद घेऊन. घरी तोंडातून फुटत नव्हतं, म्हटलं कागद तुझ्या हातात देईन म्हणजे तू वाचशील. माझ्यापुढे एकच मुलगा होता." ती थांबली. "तू मला बघितलंस आणि उठून गेलीस."

हॉलमध्ये कुणीतरी खोकलं. आईला तो कप आठवला. दांड्याच्या फटीतला साबणसुद्धा आठवला. आपण किती निवांतपणे धूत होतो, तेही. पाण्याचा आवाज येत होता, आणि त्या आवाजापलीकडे काही पावलांवर पोर उभी होती.

"मला माहीत नव्हतं," ती म्हणाली. इतक्या वर्षांत इतक्या आईबापांनी काचेपलीकडून तिला हेच सांगितलं होतं, अगदी याच शब्दांत.

"मला वाटलं, तुला माहीत आहे," लेक म्हणाली. "आधीच कळलंय, आणि तुला बघायचं नाहीये. नंतर घरी तू काही बोलली नाहीस, तेव्हा खात्रीच झाली."

आईनं तिचा हात धरला. हात थंड होता, की आपलाच थंड होता, तिला सांगता येईना. बरं वाटावं असं काहीतरी बोलायला हवं होतं आणि तिच्याजवळ तसं एकही वाक्य नव्हतं. जे एक होतं ते आयुष्यभर वापरून झालं होतं.

"आता विचारते," ती म्हणाली. "सगळं सांग मला. अगदी पहिल्यापासून."

लेकीनं विचार केला. खरोखरच केला, कपाळाला आठ्या घालून, लहानपणी कविता विसरली की घालायची तशा. आई वाट बघत राहिली.

"तेव्हा सगळं पाठ होतं गं," लेक म्हणाली. "आता कुठून सुरू करायचं तेच आठवत नाही."

परिचारिकेनं पुन्हा नंबर पुकारला. मग बाकांमधून फिरत ती त्यांच्यापाशी आली, लेकीकडे ओळखीचं बघितलं आणि आईला विचारलं की तुमचा नंबर कितवा. आई म्हणाली, नंबर नाही, आम्ही नुसत्या बसलोय. परिचारिका बरं म्हणून पुढे गेली, आणि दोघी तिथेच बसून राहिल्या.